कौतुकाचा जुना अर्थ

अमरकोशात 'कौतुक' आणि 'कुतूहल' हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून शेजारी शेजारी दिलेले आहेत. संस्कृतात कौतुक म्हणजे मुळात काही नवे, अनोखे पाहण्याची व जाणण्याची ओढ. मराठीत रुळता रुळता मात्र हा शब्द लाड, प्रशंसा आणि अभिमान यांच्याकडे कलला, आणि 'कोडकौतुक' या जोडशब्दात तर कुतूहलाचा मागमूसही उरला नाही. तरीही एखादी आई आपले मूल काय करते आहे हे दाराआडून, त्याला चाहूल लागू न देता, 'कौतुकाने पाहत राहते' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा जुना अर्थ पुन्हा वर येतो, कारण त्या पाहण्यात शाबासकी नसते, 'याचे हे काय चालले आहे' हा प्रश्न असतो. मुलाचा स्वभाव कसा उमलतो आहे आणि त्याचे मन कशाकडे धाव घेते आहे हे पाहताना आईवडिलांना होणाऱ्या आनंदाकडे मानसशास्त्राने अनेक अंगांनी पाहिले असून, त्यातून जे हाती लागले त्याचा बराचसा भाग या एका शब्दाच्या दोन अर्थांमधल्या अंतराभोवती फिरतो, असे म्हणायला हरकत नाही.

स्वभावापासूनच सुरुवात करावी लागते, कारण आवडीनिवडी दिसू लागण्याच्या कितीतरी आधी स्वभाव दिसू लागतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः अमेरिकेत, मूल कोऱ्या पाटीसारखे जन्माला येते आणि त्या पाटीवर परिस्थिती जे लिहील ते उमटते, असे मानण्याकडे अनेक तज्ज्ञांचा कल होता. परिणामी मूल किरकिरे किंवा घुमे निघाले की ठपका आईवर येई. ॲलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दाम्पत्याला हे पटत नव्हते, आणि म्हणून १९५६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमधील १३३ मुलांची तान्हेपणापासून प्रौढ वयापर्यंत पाठपुरावा करणारी पाहणी हाती घेतली. अंगातली चळवळ, झोप व भूक यांची नियमितता, नवख्या माणसाला वा पदार्थाला सामोरे जाण्याची अथवा त्यापासून मागे सरण्याची वृत्ती, बदल अंगवळणी पडायला लागणारा वेळ, रडण्याहसण्यातला जोर, चिकाटी, लक्ष विचलित होण्याची सहजता अशा नऊ अंगांनी त्यांनी बाळांच्या वागण्याची नोंद केली आणि या अंगांच्या मिश्रणातून दिसणाऱ्या जन्मजात घडणीला 'टेंपरामेंट', म्हणजे उपजत प्रकृती, असे म्हटले. त्यांच्या पाहणीत सुमारे ४० टक्के बाळे मराठी आज्या ज्यांना 'गुणी' म्हणतात तशी, सुमारे १० टक्के सांभाळायला अवघड, आणि सुमारे १५ टक्के हळूहळू खुलणारी, म्हणजे आपल्या घरगुती भाषेत बुजरी निघाली. उरलेली ३५ टक्के कोणत्याच कप्प्यात धड बसली नाहीत, आणि ही शेवटची कबुली त्या अभ्यासातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट म्हणावी लागेल.

या दाम्पत्याचे खरे महत्त्वाचे म्हणणे वर्गवारीत नाही, ते 'मेळ' या कल्पनेत आहे. मुलाची प्रकृती आणि त्याच्याकडून होणाऱ्या अपेक्षा यांचा मेळ बसला तर कोणतीही प्रकृती निकोप वाढते, आणि तो बसला नाही तर गुणी बाळाचेही हाल होऊ शकतात. मूळ पाहणीतील कुटुंबे सुस्थितीतली, मध्यमवर्गीय होती. तिच्या जोडीला न्यूयॉर्कमधल्याच पोर्तो रिकोहून आलेल्या श्रमिक कुटुंबांतील मुलांचीही पाहणी झाली, तेव्हा असे दिसले की झोपेची वेळ अनियमित असणे ही मध्यमवर्गीय आईबापांची मोठी तक्रार असली तरी या कुटुंबांत तिची कोणी फारशी दखलच घेत नव्हते, कारण मुलाने ठरावीक वेळी झोपलेच पाहिजे असा आग्रह तिथे नव्हता. शाळा सुरू होऊन सकाळी लवकर उठणे भाग पडले तेव्हा कुठे ती अडचण ठरली. गुण आणि दोष यांचा निवाडा मुलाच्या अंगातल्या लक्षणावर जितका अवलंबून असतो तितकाच पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतो, हे यातून दिसते. एका घरात जो 'हट्टी' तोच दुसऱ्या घरात 'चिकाटीचा'. मराठीतली अशी विशेषणे जोडीजोडीने मांडून पाहिली, म्हणजे आगाऊ आणि धीट, घुमा आणि विचारी, भोचक आणि चौकस, तर त्यांतला फरक मुलात कमी आणि बोलणाऱ्याच्या मनःस्थितीत अधिक आहे, हे ध्यानात येते.

स्वभाव असा पहिल्यापासून असतो, पण आवड जन्माला येण्यासाठी दुसऱ्या माणसाची गरज लागते, आणि त्याची पहिली खूण म्हणजे बाळाचे बोट. साधारण वर्षाच्या सुमारास बाळ बोटाने दाखवू लागते. या दाखवण्याचे दोन प्रकार अभ्यासकांनी १९७५ पासून वेगळे केले आहेत: एक मागणीचे बोट, ज्याचा अर्थ 'ते मला दे' असा होतो, आणि दुसरे निवेदनाचे बोट, ज्याचा अर्थ 'ते बघ' एवढाच होतो. खिडकीच्या गजावर बसलेला कावळा बाळाला नको असतो, तो हातात मिळणार नाही हेही त्याला बहुधा कळते. त्याला फक्त आईने तो कावळा पाहावा असे वाटते. दोघांनी मिळून एका तिसऱ्याच वस्तूकडे पाहणे आणि आपण दोघे पाहतो आहोत याची दोघांनाही जाणीव असणे, याला 'संयुक्त अवधान' म्हणतात, आणि भाषाशिक्षणाचा पाया बऱ्याच अंशी त्यावर उभा असतो.

जर्मनीतील लाइपझिग येथे उल्फ लिश्कोव्स्की, मायकेल टोमासेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात फार बोलका आहे. वर्षाच्या बाळांनी काही गमतीची गोष्ट बोटाने दाखवली की समोरच्या मोठ्या माणसाने चार निरनिराळ्या तऱ्हांनी वागायचे, अशी त्याची रचना होती: काही वेळा त्याने त्या वस्तूकडे आणि बाळाकडे आळीपाळीने पाहून आनंद व्यक्त करायचा, काही वेळा फक्त वस्तूकडे पाहायचे, काही वेळा वस्तूकडे ढुंकूनही न पाहता बाळाकडेच बघून आनंदाने बोलायचे, आणि काही वेळा दोन्हींकडे दुर्लक्ष करायचे. पहिल्या प्रकारात बाळे समाधानी दिसली. इतर प्रकारांत, अगदी मोठे माणूस त्यांच्याकडे पाहून हसत-बोलत असतानाही, ती पुन्हा पुन्हा बोट दाखवत राहिली, जणू आपले म्हणणे पोचलेच नाही. अठरा वीस शब्दही न बोलणारे हे बाळ असे सुचवते की त्याला आपले कौतुक पुरेसे वाटत नाही, त्याला आपल्या कावळ्याचे कौतुक हवे असते. टोमासेलो आणि फॅरर यांनी १९८६ मध्ये दाखवून दिलेली गोष्टही याच्याशी जुळते: मूल ज्या वस्तूकडे आधीच पाहत असते तिचे नाव आईने उच्चारले तर ते मुलाच्या शब्दसंग्रहात सहज रुजते, आणि त्याचे लक्ष तिथून ओढून आईने निवडलेल्या वस्तूकडे वळवून तिचे नाव सांगितले तर ते तितकेसे रुजत नाही.

मोठ्यांची ही मुलाच्या मनामागे जाण्याची सवय मोजण्याचा एक साधा मार्ग ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ माइन्स यांनी शोधला. त्यांनी आयांना 'तुमच्या मुलाविषयी सांगा' एवढेच सांगितले आणि आलेल्या वर्णनांची छाननी केली. काही आया मुलाचे रूप, वजन, खाणेपिणे, आजारपणे यांविषयी बोलत. काही जणी त्याला काय आवडते, कशाचा राग येतो, कशाने ते विचारात पडते, यांविषयी बोलत. या दुसऱ्या प्रवृत्तीला, म्हणजे मुलाला स्वतःचे मन असलेली व्यक्ती मानण्याला, त्यांनी 'माइंड-माइंडेडनेस' असे नाव दिले. मराठीत त्याला मनाची दखल म्हणता येईल. सहा महिन्यांच्या बाळाशी खेळताना ज्या आया त्याच्या मनःस्थितीविषयी नेमके आणि समर्पक बोलत, त्यांच्या बाळांचा आईशी असलेला बंध वर्षाच्या वयाला अधिक सुरक्षित आढळला, असे त्यांनी २००१ मध्ये मांडले. 'समर्पक' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण कंटाळून तोंड फिरवणाऱ्या बाळाला 'गाणे किती आवडते बाई हिला' असे म्हणणारी आईही मनाविषयीच बोलत असते, फक्त ते मन बाळाचे नसून तिचे स्वतःचे असते.

अडीच-तीन वर्षांच्या पुढे आवडीला जो बहर येतो तो घरोघरी परिचयाचा आहे. जुडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये लिहिलेल्या लेखानुसार लहान मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना एखाद्या विषयाचे पराकोटीचे वेड असते, ते बरेचदा दोन वर्षांच्याही आधी सुरू होते, मुलग्यांत त्याचे प्रमाण बरेच अधिक दिसते, आणि वाहने, आगगाड्या, डायनोसॉर हे विषय त्यात वारंवार येतात. मुंबईच्या लोकलची स्थानके क्रमाने म्हणणारे किंवा रस्त्याच्या कामावरचा जेसीबी दिसला की तिथून हलायला तयार नसणारे मूल याच जातीचे. वडीलधाऱ्यांना हा नुसता चाळा वाटतो, पण त्यामागे ज्ञानाची खरी जुळणी चालू असते. मिशेलिन ची आणि रँडी कोस्की यांनी १९८३ मध्ये साडेचार वर्षांच्या एकाच मुलाच्या डोक्यातील ४० डायनोसॉरांचा अभ्यास केला, तेव्हा त्याला ज्या २० प्राण्यांची अधिक ओळख होती ते त्याच्या मनात एकमेकांशी घट्ट जोडलेले, आहार व अंगरचना यांनुसार गटागटाने बसलेले आढळले, आणि हेच प्राणी त्याला अधिक नीट आठवले. कमी ओळखीचे उरलेले २० सैल, विस्कळीत राहिले. स्मरणशक्ती वयाबरोबर वाढते असे सरसकट मानले जाई, त्या समजुतीला या छोट्या तज्ज्ञाने धक्का दिला. महाराष्ट्रात दिवाळीच्या सुटीत अंगणात किंवा इमारतीच्या कोपऱ्यात माती-दगडांचा किल्ला करणाऱ्या मुलांकडेही याच दृष्टीने पाहता येईल, कारण बुरूज, माची, तटबंदी, चोरदरवाजा आणि पाण्याचे टाके यांची जागा ठरवताना इतिहासाच्या पुस्तकातला धडा त्यांच्या हातांत येऊन पडतो, आणि हळीव किंवा मोहरी पेरून उगवलेल्या हिरवळीवर मावळे उभे राहीपर्यंत कोणीही त्यांना परीक्षेची आठवण करून देत नाही.

आवड कशी वाढते याविषयी सूझन हिडी आणि ॲन रेनिंगर यांनी २००६ मध्ये चार टप्प्यांची मांडणी केली. प्रथम बाहेरच्या एखाद्या गोष्टीने लक्ष वेधले जाते, मग परिस्थितीच्या आधाराने ते टिकते, त्यानंतर मूल आपणहून त्या विषयाकडे वळू लागते व स्वतःचे प्रश्न विचारू लागते, आणि अखेरीस तो विषय त्याच्या व्यक्तिमत्त्वाचाच भाग होऊन बसतो. मराठीने ही चढण पूर्वीच ओळखली असावी, नाहीतर चाळा, आवड, छंद, नाद, वेड आणि ध्यास असे इतके बारीक फरक तिने जपले नसते. फक्त 'नाद' या पायरीवर आईबापांच्या कपाळाला आठी पडते, एवढेच. हिडी आणि रेनिंगर यांच्या मते पहिल्या दोन टप्प्यांवर आवड अगदी नाजूक असते आणि आधार न मिळाल्यास विझूनही जाते, म्हणून त्या वेळी मोठ्यांनी काय केले आणि काय टाळले हे फार मोलाचे ठरते.

काय टाळावे याचे उत्तर स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालशाळेत मिळाले. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये तीन ते पाच वर्षांची, चित्रे काढण्याची आधीच आवड असलेली ५१ मुले निवडली. काहींना सांगितले की चित्र काढलेस तर सोनेरी शिक्का व फीत लावलेले 'उत्तम खेळाडू'चे प्रमाणपत्र मिळेल, काहींना काहीच न सांगता शेवटी तेच प्रमाणपत्र दिले, आणि काहींना काहीच दिले नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेन पुन्हा ठेवले तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेल्या मुलांनी मोकळ्या वेळातला ८.६ टक्के वेळ त्यांवर घालवला, तर बक्षीस न मिळालेल्यांनी १६.७ टक्के आणि अनपेक्षितपणे मिळालेल्यांनी १८.१ टक्के. जे काम आनंदासाठी होत होते ते मोबदल्यासाठी होऊ लागले, आणि मोबदला थांबल्यावर आनंदही परतला नाही. पुढे एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्ट्नर आणि रिचर्ड रायन यांनी अशा १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा १९९९ मध्ये घेतला, तेव्हा आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसांबाबत हाच निष्कर्ष निघाला. तोंडी शाबासकीने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची आवड वाढली, पण मुलांच्या बाबतीत तसा लाभ दिसला नाही. पाहुणे आले की मुलाला बैठकीत उभे करून 'म्हणून दाखव बरं' असे सांगण्याची जी रीत मराठी घरांत आहे, तिच्याकडे या प्रयोगाच्या प्रकाशात पाहिले तर श्लोक आणि पाढे यांची गोडी मुलांना पुढे का उरत नाही याचे एक कारण सापडू शकते. आवड त्या क्षणी मुलाची राहत नाही, ती घराच्या शोभेची वस्तू होते.

काय करावे याची उदाहरणे मात्र प्रयोगशाळेपेक्षा चरित्रांत चांगली सापडतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गिरगावातील खेतवाडीत राहणाऱ्या, पुढे पक्षिशास्त्रज्ञ झालेल्या सलीम अली या पोरक्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून तो बुचकळ्यात पडला. त्याचा सांभाळ करणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारीचे शौकीन होते, तरी हा पक्षी कोणता हे त्यांना सांगता येईना. या न सांगता येण्यातच पुढचे सगळे दडलेले आहे, कारण त्यांनी विषय झटकला नाही, आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन मुलाला तिकडे पाठवले. मिलर्डनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे संस्थेतले खण एकेक करून उघडून दाखवले. मुलाच्या प्रश्नाला मोठ्या माणसांच्या जगात जागा मिळाली. बनारसमध्ये, पुढे खगोलशास्त्रज्ञ झालेले जयंत नारळीकर आणि त्यांचे धाकटे बंधू यांच्यासाठी वडिलांनी, म्हणजे गणितज्ञ विष्णू वासुदेव नारळीकर यांनी, घरात फळे लावून दिले होते, आणि शिकायला येऊन राहिलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यांपैकी एकावर 'जविना'साठी, म्हणजे जयंतसाठी, आव्हान म्हणून एखादे गणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत किंवा मुलाने हार मानेपर्यंत फळ्यावर तसेच राही. या दोन्ही घरांत मामाच निघावा हा योगायोग असला तरी अर्थशून्य नाही, कारण भाच्याच्या यशापयशाशी मामाची अब्रू बांधलेली नसते, आणि म्हणून त्याचे कौतुक कुतूहलाच्या जवळ राहू शकते.

अशा निरीक्षणातून एक संपूर्ण शिक्षणविचारही उभा राहिला. भावनगरचे गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. १९१३ मध्ये मुलगा झाल्यावर त्याला कसे वाढवावे या विचाराने ते बालशिक्षणाकडे वळले, मारिया मॉन्टेसरी यांच्या लेखनाने भारून गेले, आणि दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. मुले त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी हा विचार मराठीत आणला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी तो आदिवासी मुलांपर्यंत नेला. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येत नाहीत हे पाहून शाळाच कुरणावर नेण्याचा त्यांचा 'कुरणशाळा' हा प्रयोग, मूल जिथे आहे आणि जे पाहते आहे तिथून सुरुवात करायची या तत्त्वाचे अक्षरशः पालन होते.

आईबाप मुलाला घडवतात हे वाक्य यापुढे जपून वापरावे लागते. सँड्रा स्कार आणि कॅथलीन मॅकार्टनी यांनी १९८३ मध्ये असे मांडले की मूल आपली परिस्थिती अंशतः स्वतःच निर्माण करते: हसऱ्या बाळाशी सगळे अधिक बोलतात, आणि वय वाढेल तसे मूल आपल्या प्रकृतीला मानवेल असे सोबती, खेळ आणि कोपरे स्वतः शोधून काढते. रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी १९८७ मध्ये त्यात भर घातली की एका घरात वाढलेली भावंडे स्वभावाने इतकी वेगळी निघतात याचे एक कारण म्हणजे त्यांना मिळणारे घर एक नसतेच. थोरल्याचे आईवडील नवखे आणि धास्तावलेले असतात, शेंडेफळाला सरावलेले मिळतात.

या साऱ्याचा एक जुना आणि फार सुंदर दाखला चार्ल्स डार्विनच्या घरातला आहे. त्याचे वडील, डॉक्टर रॉबर्ट डार्विन, मुलाच्या शिकार, कुत्री आणि उंदीर पकडणे या नादांवर संतापले होते, आणि त्यांनी त्याला आधी वैद्यक शिकायला एडिनबर्गला व मग धर्मोपदेशक होण्यासाठी केंब्रिजला पाठवले, जिथे तो भुंगेरे गोळा करत हिंडला. या मुलाला स्वतःला जेव्हा २७ डिसेंबर १८३९ रोजी विल्यम हा पहिला मुलगा झाला, तेव्हा त्याने वही उघडली आणि शिंक, उचकी, जांभई येथपासून नोंदी सुरू केल्या. सातव्या दिवशी कागदाच्या कपट्याने तळपायाला स्पर्श केला तर बाळ पाय झटकन आखडते हेही त्यात आहे, आणि पावणेतीन वर्षांच्या आसपास हाच मुलगा गुंडाळलेला झबला सावरत खोलीबाहेर आला तेव्हा त्यावरचे लोणच्याच्या रसाचे डाग पाहून बापाने काढलेला निष्कर्षही आहे: ही विचारपूर्वक आखलेली लबाडी होती. या नोंदी ३७ वर्षे पडून राहिल्या. फ्रेंच विचारवंत इपोलित तेन याने आपल्या मुलीच्या भाषेविषयी लिहिलेला लेख 'माइंड' या नियतकालिकात वाचल्यावर डार्विनने १८७७ मध्ये त्या तिथेच प्रसिद्ध केल्या, आणि बालमानसशास्त्राच्या आरंभीच्या लेखनात त्यांची गणना होते.

डाउन येथील घरी पुढे मुले वाढली तेव्हा नर भुंगे बागेत कोणत्या वाटेने उडतात हे पाहायला डार्विन त्यांना ठिकठिकाणी उभे करत असे, आणि भुंगा दिसताच ती एकमेकांना ओरडून सांगत. त्या मुलांपैकी जॉर्ज खगोलशास्त्रज्ञ झाला, फ्रान्सिस वनस्पतिशास्त्रज्ञ, होरेसने वैज्ञानिक उपकरणांचा कारखाना काढला, लेनर्ड सैन्यात अभियंता झाला. आणि ज्याची शिंकसुद्धा विज्ञानासाठी टिपली गेली, ज्याच्या पाळण्यावर इतिहासातल्या सर्वांत चौकस बापाची नजर होती, त्या विल्यमने साउथहॅम्प्टनमध्ये बँकेचा व्यवसाय केला, आणि फावल्या वेळात फुलांची निरीक्षणे करून वडिलांना पत्राने कळवत राहिला.